न तुटलेली पिन घेऊन धारूरला

फुशारकी मारताना समोर कोण बसलंय ते माणसानं आधी बघावं. मी बघितलं नाही, म्हणून ऐन दुष्काळाच्या वर्षी, ऑक्टोबरच्या उन्हात, मला पुण्याहून धारूरपर्यंत गाडी हाणावी लागली. शेजारच्या सीटवर झांबियाची चांदा.

मी काही वर्षं झांबियात तांब्याच्या एका खाणीच्या खरेदी खात्यात होते. खाणीला लागेल ते मागवायचं, एवढंच काम. आणि ते सगळं मधला अख्खा देश ओलांडून दक्षिण आफ्रिकेतून यायचं. नटबोल्टसुद्धा! खाणीच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडला की वेल्डिंगची आणि लेथची दुकानं ओळीनं उभी होती, पण त्यांच्याकडून खाणीनं कधी साधा वॉशर घेतला नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. त्यातल्या एका दुकानाची मालकीण चांदा. तिच्याकडे चहाला गेले की मी सांगत सुटायचे, ‘आमच्या महाराष्ट्रात साखर कारखाना शेतकऱ्यांचाच असतो, सहकारी असतो, आजूबाजूच्या चार हातांना काम देतो.’ मी परत आले आणि विसरले. ती विसरली नाही. तिनं सात दुकानांची सहकारी संस्था काढली, खाणीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि शेवटी वर्षभराची चाचणी ऑर्डर मिळवली. लहानसहान सुटे भाग बनवायचे. वर्ष नीट गेलं तर मोठं काम, नाहीतर पुन्हा सगळं दक्षिण आफ्रिकेतून.

वर्ष नीट जाईना. सप्टेंबरात खडक वाहणाऱ्या एका यंत्राचा गिअरबॉक्स फुटला. त्याच्या शेजारी चांदाच्या संस्थेनं बनवलेली एक पिन होती. खाणीनं ऑर्डर थांबवली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संस्थेला उत्तर द्यायला बोलावलं. चांदाला तशीही जुन्या लेथ मशिनी बघायला पुण्याला यायचंच होतं. म्हणाली, “तुझा तो शेतकऱ्यांचा कारखाना दाखव. मीटिंगमध्ये बोलायला काहीतरी घेऊन जाते.”

मी तिला कोल्हापूरकडे न्यायच्या बेतात होते. हिरवंगार, डोळे निवतात. पण ती म्हणाली, “भरपूर पाणी असलेल्या ठिकाणचं नको. जिथं सगळं अवघड आहे तिथलं दाखव.” आता अवघड म्हटल्यावर माझ्या नणंदेचं सासर आठवलं. सुमनताई बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या, आणि त्यांचे यजमान दत्ताभाऊजी ऊसवाले, एका सहकारी कारखान्याचे सभासद. कुठला कारखाना ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे आलंय ते वाचलंत की कळेल.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं आधी सांगते. पुणे, नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज, धारूर. डिझेलची गाडी असेल तर एका टाकीत जाऊन-येऊन होतं. रस्ता बराचसा चांगला आहे, पण मधेच काम चालू असलं की धुळीनं भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. कड्याला थांबून कांदाभजी आणि चहा घ्या. चांदानं हिरवी मिरची अख्खी चावून खाल्ली तेव्हा भजीवाल्यानं नाव विचारलं, आणि ऐकल्यावर खूश होऊन म्हणाला, “चंदाताई! मग आपल्याच हायेत की!” त्यानंतर धारूरपर्यंत तिला कोणी चांदा म्हटलं नाही.

पाटोद्याच्या पुढे ऊसतोडीला निघालेले ट्रक लागले. भांडी, गाद्या, शेळ्या, वर बसलेली माणसं. बाया डोक्यावर पदर ओढून तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला करून बसलेल्या. दुष्काळामुळे यंदा लवकरच निघालेत, मी सांगितलं. चांदा वळून वळून बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडनं तांबं असंच जातं. ट्रकवर लादून, दुसऱ्याच्या कारखान्याला.” माझ्या फुशारकीत हे ट्रक कधी आले नव्हते.

केजच्या अलीकडे तिनं पर्समधून ती पिन काढून मला दाखवली. चितेंगे म्हणतात त्या रंगीत कापडात गुंडाळलेली, जाडजूड, अंगठ्याएवढी. “बघ, गिअरबॉक्सचे तुकडे झाले आणि आमच्या पिनेला ओरखडा नाही. मीटिंगमध्ये टेबलावर हीच ठेवणार. याहून मोठा पुरावा काय?” मी गाडी बाजूला घेऊन पिन हातात घेतली आणि मनापासून तारीफ केली. मला ती पिन आजवर कागदावरच्या नंबरापलीकडे माहीतच नव्हती.

धारूरला दारातच सुमनताईंनी चांदाला भाकरतुकडा ओवाळून टाकला. टँकर दोन दिवसांनी येतो, तरी पाहुणीला अंघोळीला दोन बादल्या. चांदानं एकीतच भागवलं आणि दुसरी तशीच परत आणून ठेवली. सुमनताईंना ते फार लागलं. “काहो वैनी, पानी घाण होतं का?” मी म्हटलं, “अहो, त्यांच्या गल्लीतही नळाचं असंच आहे.” मग दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की माझ्या दुभाषेपणाची तिथं गरजच उरली नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. (तुमचं तिथं कोणी नसेल तर केजला किंवा अंबाजोगाईला उतरा. साध्या लॉजच्या खोल्या हजाराच्या आत मिळतात.)

दुसऱ्या दिवशी भाऊजी आम्हाला कारखान्यावर घेऊन गेले. ऊसच नाही, त्यामुळे यंदा गाळप होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी दुरुस्त्या चालू होत्या. चांदा प्रत्येक यंत्रापुढे उभी राहून एकच प्रश्न विचारायची, हे कोणी बनवलं? मोठ्या यंत्रांना भाऊजी “पुन्याचं” किंवा “भाईरचं” म्हणत. पण लहान गोष्टींकडे आले की खुलत. “ही जाळी धारूरच्या लोहाराची. ह्या पायऱ्या मह्या चुलत भावाच्या पोराच्या. अन् ह्या पिना, बुश, समदं बशीरभाईचं.” नातेवाइकांची ओळख करून द्यावी तसा माणूस यंत्रं दाखवत होता. मला हसू आलं. चांदाला नाही आलं. तिनं विचारलं, “ही माणसं इथं आत येऊ शकतात?” भाऊजींना प्रश्नच कळला नाही. “कावून न्हाई येनार? त्यांचंच काम हाय की.”

“आमच्याकडे फाटकाच्या आत सोडत नाहीत,” चांदा मला इंग्रजीत म्हणाली. “कागद बाहेर येतो, माल आत जातो.”

बशीरभाईंचं वर्कशॉप बाजाराच्या टोकाला आहे. पत्र्याची शेड, दोन लेथ, मागे घर. वय साठीच्या पुढचं, मेंदी लावलेली दाढी, चष्म्याला तारेची एक काडी. जाताक्षणी आतून खिचडी-खट्ट्याच्या ताटल्या आल्या. तो चिंचेचा आंबट खट्टा खायलाच खरं तर लोकांनी धारूरला जावं. भाऊजींनी ओळख करून दिली, “ह्ये बशीरभाई. लई पक्कं काम करतेत. इतकं पक्कं का कारखाना बंद पाडतेत.”

“बे दत्ता, पाव्हण्यांसमोर तरी अब्रू ठेव,” बशीरभाई हसले.

मी चांदासाठी एवढंच भाषांतर केलं की हे फार मजबूत काम करतात. झालं! कारागिरासमोर कारागीर आला होता. तिनं ताटली खाली ठेवली, हात पुसले आणि पर्समधून पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. ‘ही आमची,’ म्हणत, पाहुण्यांना घरचं लेकरू दाखवतात तशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं डोळ्यांदेखत घडताना मी पहिल्यांदा बघितलं.

बशीरभाईंनी पिन उलटसुलट केली. कानस घेऊन एकदा घासली. कानस नुसतीच घसरली. “ट्रकचा अॅक्सल कापून केली का?” त्यांनी विचारलं. चांदा अभिमानानं म्हणाली, हो, गावातलं सगळ्यात चांगलं पोलाद, आमच्या जुन्या कारागिरानं हातानं घडवली, खडकाच्या पट्ट्याचा गिअरबॉक्स फुटला तरी हिला ओरखडा नाही. बशीरभाईंनी कानस खाली ठेवली. मग घराकडे तोंड करून ओरडले, “अगे सुन, बाहर आ! मेरी पिन आई देख, आफ्रिका जाके वापस!”

भाऊजी पोट धरून हसायला लागले. आतून आलेल्या भाभी तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. बशीरभाईही हसत होते, पण चांदाचा चेहरा बघून थांबले. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

“ताई, ही पिन तुटायसाठीच असती,” ते म्हणाले. “घरातला फ्यूज कसा? पट्ट्यात दगड अडकला का आधी पिन तुटायला पायजे. तुटली का मशीन थांबती. दुसरी घालायची, पुन्ना चालू. तुमची न्हाई तुटली. मंग तो समदा जोर गेला गिअरबॉक्सवर.”

हे वाक्य मला चांदाला सांगायचं होतं. मी इतका वेळ घेतला की तिनं माझा हात हलवला. सांगितलं. तिनं बशीरभाईंच्या हातातून पिन परत घेतली. मग मोठ्यानं म्हणाली, “आम्हाला कोणी सांगितलं नाही! कागदावर फक्त माप होतं, आणि साधं लोखंड वापरा म्हणून. आम्ही म्हटलं, पहिलीच ऑर्डर, साधं कसं द्यायचं?”

“मला तरी कुटं कोनी सांगितलंतं?” बशीरभाई म्हणाले. “मही बी पहिलीच ऑर्डर होती. कारखान्याला साधं लोखंड देऊ का मी? सोयऱ्याला कोनी शिळी भाकर वाढतं का?”

मग भाऊजींनी सगळं सांगितलं, बशीरभाई मधूनमधून दुरुस्त्या करत होते. बशीरभाई तरुण असताना एकदा ऐन हंगामात ऊस वाहणाऱ्या पट्ट्याचा गिअरबॉक्स फुटला. बाहेर उसाच्या टायरगाड्यांची रांग, ऊस उन्हात वाळतोय, शेतकरी शिव्या देतायत. त्या गर्दीतून बशीरभाई आत गेले, यंत्रातून आपली पिन काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. “बगा, तशीच्या तशी!” इंजिनिअर तिथल्या तिथं जमिनीवर बसला म्हणे. पुढे सभासदांच्या बैठकीत, या माणसाला पुन्हा काम देऊ नका, असं सगळ्यांचं ठरत आलं होतं. तेव्हा भाऊजींचे वडील उठले. म्हणाले, “परगावच्याला पिन मोडल्याचं बी कळत न्हाई अन् न मोडल्याचं बी. ह्याला निदान आता कळलंय.”

तेव्हापासून तिथं रीत पडली. कारखान्यासाठी काहीही बनवणाऱ्याला आधी आत न्यायचं, यंत्र चालवून दाखवायचं, मगच माप द्यायचं. आणि हंगाम सुरू होताना उसाची पहिली मोळी टाकतात, त्या दिवशी प्रत्येकानं आपण बनवलेल्या भागाजवळ उभं राहायचं. “संचालक मंडळ पूजेपाशी, अन् हे समदे आपापल्या मशिनीपाशी,” भाऊजी म्हणाले. “परसाद बी तिथंच नेऊन द्यावा लागतो. हालतच न्हाईत.”

चांदानं बशीरभाईंना विचारलं, ऑर्डर परत लगेच मिळाली का? मी मनात म्हटलं, हो म्हणा. बशीरभाईंनी मान हलवली. “न्हाई. दोन सीझन कोनी कुत्रं फिरकलं न्हाई. टायरगाड्या जोडल्या, सायकली नीट केल्या. मंग बोलावलं.”

संध्याकाळी अंगणात बसून चांदानं घरी फोन लावला, बा मुसोन्डांना. बा म्हणजे तिकडं मोठ्या माणसाला लावायचा मान. चांदाच्या वडिलांच्या बरोबरीचे, गावातले सर्वांत जुने लेथवाले, आणि ती पिन त्यांच्याच हातची. तिनं हळूहळू सगळं सांगितलं. मग ते दोन वाक्यं बोलले आणि फोन ठेवला. चांदानं मला सांगितलं, “म्हणाले, मोडण्यासाठी केलेल्या वस्तूला काम म्हणत नाहीत. आणि माझं काम खराब होतं असं त्या लोकांसमोर बोललीस तर माझ्या दारात येऊ नकोस.” तिच्या संस्थेतल्या बाकीच्यांचे निरोपही येऊन पडले होते. सगळ्यांचं एकच, गिअरबॉक्स जुना होता म्हण आणि मोकळी हो.

ती जेवायला उठेना. सुमनताईंनी ताट तिच्यापुढेच आणून ठेवलं आणि शेजारी बसल्या. “आदी जेव बाई. रिकाम्या पोटी मानसाला समदं वंगाळच सुचतं.” हे मी भाषांतर न करताही चांदानं भाकरी मोडली.

तिसऱ्या दिवशी किल्ला. जायलाच हवं असा आहे. तटबंदीवरून बालाघाटाच्या ओळीच्या ओळी दिसतात, आतले हौद मात्र यंदा कोरडे ठणठणीत. पाण्याची बाटली सोबत न्या, वर काही मिळत नाही. उतारावर सीताफळाची झाडं आहेत. बाकी सगळं करपलेलं असताना सीताफळ मात्र यंदाही लगडलं होतं. विकणारी बाई डोळे न उघडलेली फळं बाजूला काढून पिकलेलीच चांदाच्या ओंजळीत घालत होती.

तटावर बसून आम्ही भांडलो. मी तिला स्पष्ट सांगितलं, गप्प बस. मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली बाई आहे, मला माहिती आहे काय होतं. तू चूक म्हणालीस की ते लिहून घेतील, ‘स्थानिकांना जमत नाही’, आणि पुढची दहा वर्षं तेच वाचून दाखवतील. ती सीताफळाच्या बिया एकेक करून तटाखाली थुंकत होती.

“नाही बोलले तर पुढची पिनही तुटणार नाही,” ती म्हणाली. “आणि बा मुसोन्डा ती आणखी पक्की करतील. त्यांना वाटेल, कमी पडली.”

मला राग आला होता, तिचा नाही, कागदावर नुसतं माप लिहून पाठवणाऱ्यांचा. त्यात माझं जुनं खातं आलंच.

चौथ्या दिवशी निघताना बशीरभाई स्वतः दारात आले. त्यांनी कारखान्याच्या भंगारातून एक पिन शोधून आणली होती, मधोमध स्वच्छ तुटलेली, दोन्ही तुकडे एका तारेत बांधलेले. “ही न्या ताई. हिला म्हंतेत चांगली पिन.” चांदानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि गुडघे किंचित वाकवले, तिकडं मोठ्यांना मान देतात तसं. बशीरभाई लाजले आणि उगाच आमच्या गाडीच्या टायरमधली हवा बघायला लागले.

येताना लिंबागणेशला दर्शन घेतलं. दुपारची वेळ, गर्दी अजिबात नाही, देवळाची फरशी गार. चांदा खांबाला टेकून बसली ती उठायलाच तयार नव्हती. मागच्या सीटवर सुमनताईंनी दिलेली सीताफळं उन्हानं पिकत होती, त्यामुळे नगर येईपर्यंत आम्ही जवळपास सगळी संपवली आणि स्टिअरिंग चिकट झालं. पुण्याला आल्यावर दोन दिवसांनी तिला विमानतळावर सोडलं. सुरक्षा तपासणीत दोन्ही पिना बाहेर काढाव्या लागल्या म्हणे, आणि त्या न तुटलेल्या पिनेचं वजन बघून तिथल्या माणसानं कौतुक केलं.

मी बीडकडे इतक्या वेळा गेले आहे, पण नेहमी लग्नाला नाहीतर मयताला. त्या भागाबद्दल माझ्या बोलण्यात नेहमी एक ‘बिचारे’ असायचं. ते यावेळी गळून पडलं असं म्हणणार नाही, कारण ते ट्रक अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. पण कारखान्यात यंत्रागणिक माणसांची नावं घेणारे भाऊजी आठवले की मला त्या माणसांचा आणि त्या गावाचा फार अभिमान वाटतो, आणि माया वाटते. सहकार म्हणजे काय हे मी झांबियात वर्षानुवर्षं सांगत होते. मला ते किती थोडं कळलं होतं.

मीटिंग झाल्यावर चांदाचा फोन आला. तिनं दोन्ही पिना टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सांगितलं, ही आमची चूक, आणि ही अशी हवी होती. मी म्हटलं होतं तसंच झालं. लिहून घेतलं, आणि ऑर्डर वर्ष संपेपर्यंत बंद. मग तिनं एकच मागितलं, ज्यानं पिन केली त्याला एकदा ते यंत्र दाखवा. बराच वाद झाला. शेवटी यंत्र सांभाळणारा इंजिनिअर म्हणाला, दुरुस्तीच्या दिवशी या, मी फाटकावर येतो.

बा मुसोन्डा येणार नाहीत असंच तिला वाटत होतं. ते फाटकावर तिच्या आधी येऊन उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, तिच्याशी एक शब्द न बोलता. उभं आयुष्य खाणीच्या समोर काढलेला माणूस, पण फाटकाच्या आत पाऊल पहिल्यांदाच. इंजिनिअरनं यंत्र चालू केलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. चांदाला वाटलं, घाबरले. पण ते म्हणाले, “हा आवाज रोज माझ्या घरात येतो. मी लहान होतो तेव्हापासून. हे आहे होय ते.”

मग ते यंत्राच्या अगदी जवळ गेले, पिनेच्या जागेवर हात ठेवला, आणि इंजिनिअरला विचारलं, “बरं, मला सांगा, नेमकी केव्हा तुटायला हवी?”